या चुका टाळा: ‘ही लिव्ह्ज इन यूएस’मधला हरवलेला ‘द’

इंग्रजीत ठिकाणांची नावं घेताना आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काहींचा ‘द’ (the) सगळीकडे गळतो, तर काही जण खबरदारी म्हणून ‘द इंडिया’, ‘द पुणे’ असं बिनधास्त म्हणतात. ठिकाण किती मोठं किंवा प्रसिद्ध आहे, याच्याशी ‘द’चा संबंध नाही. नावाची घडण बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ देशांचा. ‘भाऊ यूएसला असतो’ याच चालीवर आपण ‘इन यूएस’ म्हणून मोकळे होतो. हवं ‘इन द यूएस’, कारण त्या नावात ‘स्टेट्स’ हे साधं सामान्यनाम दडलंय. यूकेतलं ‘किंगडम’ आणि यूएईतलं ‘एमिरेट्स’ही तसंच. त्याच देशाला ‘अमेरिका’ म्हणालात, की ‘द’ गेला! नेदरलँड्स, फिलिपीन्स ही अनेकवचनी नावं, म्हणून त्यांना ‘द’ लागतो. जुन्या पुस्तकांत ‘द युक्रेन’ सापडेल, पण ते उचलू नका. 1991 साली तो देश स्वतंत्र झाला. ‘द’ लावला की एखाद्या मोठ्या राज्याचा नुसता प्रांत असल्यासारखं वाटतं, आणि तिथल्या लोकांना ते साहजिकच झोंबतं.

नद्या आणि समुद्रांना ‘द’ लावायचा: द गोदावरी, द अरेबियन सी. एकेकट्या तळ्याला नाही: लोणार लेक, लेक सुपीरियर. म्हणूनच अमेरिकेत ‘द मिसिसिपी’ म्हणजे नदी आणि नुसतं ‘मिसिसिपी’ म्हणजे राज्य. डोंगररांगेला ‘द’ (द हिमालयाज), पण एव्हरेस्ट आणि कळसूबाई ही शिखरं त्याशिवायच.

नावात ‘ऑफ’ आला, की बहुतेक वेळा नावाच्या सुरुवातीला ‘द’ येतो: द गेटवे ऑफ इंडिया, द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई. उलटून ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ केलंत तर नको. ‘द इंडियन गव्हर्नमेंट’मधला ‘द’ मात्र गव्हर्नमेंटचा आहे, इंडियाचा नाही. ‘द इंडिया’ बहुधा तिथूनच सुचत असावं.

शहरांना सहसा ‘द’ नसतो. नेदरलँड्समधलं द हेग हा ठळक अपवाद, तो पाठच करावा लागतो.

शंका आली तर नकाशा किंवा फॉर्ममधली देशांची यादी बघून ठरवू नका, तिथे ‘द’ गाळायचीच पद्धत आहे. चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्रातलं एखादं पूर्ण वाक्य शोधा.