काळूचं दार बुजवताना

आमच्या देवगडच्या घराच्या मागच्या भिंतीला आमच्या काळू कुत्र्यासाठी फूटभर रुंद, सव्वा फूट उंच दार पाडलं होतं. दिवाळीनंतर काळू गेला. दार तसंच राहिलं, आणि मे महिन्यात एका संध्याकाळी चुलीपाशी फुरसं, विषारी साप, निघालं. मग मात्र थांबलो नाही. हे काम मिरगाच्या आत उरकायचं. तिरका पाऊस सुरू झाला की ओला गिलावा धुऊन जातो.

आधी दोन-तीन रात्री उंबऱ्यावर चाळलेली राख पसरा. आमच्याकडे सकाळी मांजराचे गोल ठसे दिसले, दुसऱ्या दिवशी मुंगसाचे, नखांसकट. भर दुपारी, कोनाकोपरा तपासूनच भोक बंद करा, नाहीतर जनावर आत कोंडायचं.

झडप, बिजागऱ्या, लोखंडी चौकट, सगळं काढा. मी चौकट आतच ठेवणार होतो, गवंड्याने ऐकलं नाही. त्याचं बरोबर होतं: खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजून फुगतं आणि गिलाव्याला भेग पाडतं. भोकाभोवतीचा चार इंच गिलावाही आतला जांभ्या दगडाचा चिरा दिसेपर्यंत खरवडा. कडेला काळूच्या अंगाचा तेलकट पट्टा होता. त्यावर हात चालेना, पण तेलकटावर गिलावा धरत नाही. खरवडला.

चिरा मापात तासून घ्या आणि भरपूर भिजवा, जुन्या कडाही. जांभा सच्छिद्र; कोरडा असेल तर मालातलं पाणी शोषतो आणि सिमेंट भुसभुशीत राहतं. माल एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू. वाळू किनाऱ्यावरची नको, तिच्या मिठाने भिंतीला लोणा लागतो. भिंतीची पूर्ण जाडी भरा आणि उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

खरी परीक्षा वरच्या सांध्याची. तिथे माल खाली बसतो आणि केसाएवढी फट उरते. माल जरा घट्ट कालवा, चिऱ्याच्या कपच्या घालून लाकडी पट्टीने ठासत जा, आतून आणि बाहेरून.

दुसऱ्या दिवशी जोडावर गंज न धरणारी जाळी ठोकून बाहेरून दोन हातांचा, म्हणजे दोन थरांचा, गिलावा करा. बाहेर आलेला जुना उंबरा तासून टाका, त्यावर पाणी साचतं. सात दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. रंग दिवाळीत, पावसाळ्यात भिंत सुकत नाही.

पहिला जोराचा पाऊस झाला की आतून वरच्या सांध्यावर तळहात ठेवून बघा. गार ओल लागली, तर बाहेरून तेवढीच पट्टी उघडून पुन्हा ठासा.