रत्नागिरीच्या दमट हवेत अरेबिडॉप्सिस

अरेबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातलं वीतभर रानटी रोप. ना भाजीला, ना फोडणीला. पण जनुकशास्त्राचं त्याच्यावाचून पान हलत नाही. वनस्पतींमधला पहिला संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचला गेला तो याचाच, २००० साली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ते लावते तेव्हा आमचे शिपाईमामा विचारतात, "मॅडम, एवढ्याशा तणाला एसी?" हो, एसीच. खोली २२ अंशांच्या आसपास हवी. १९८२ मध्ये सल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर याला बी धरलं. आपल्या उघड्या पडवीत मे महिन्यात धरेल असं मी म्हणणार नाही.

उकाड्यावर एसी आहे. ओल मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते.

बी धुळीसारखं बारीक. थोड्या पाण्यात भिजवून तीन दिवस फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. थंडी मिळाली की सगळं एकदम उगवतं.

जांभ्याची माती नको, चिकट होते. कोकोपीट घ्या, पण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचं असेल तर मीठ निघेपर्यंत धुवा. त्यात थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळा आणि वरून उकळतं पाणी ओता, म्हणजे चिलटांची अंडी मरतील. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. निवल्यावर ओल्या टूथपिकने बी वरच्यावर टेकवा. झाकू नका, उगवायला उजेड लागतो.

पुस्तकं म्हणतात, ट्रेवर आठवडाभर प्लास्टिक ठेवा. इथे दोन हिरवी दलं दिसली की काढून टाका, नाहीतर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पाणी खालच्या ताटलीतून, तेही वरचा थर सुकल्यावरच. कोकोपीटमध्ये कस नसतो. अधूनमधून विद्राव्य खत अगदी पातळ करून द्या. ट्यूबलाइट टायमरवर, १६ तास.

महिन्याभरात दांडा वर येतो, पांढरी फुलं लागतात. परागीभवन ते आपलं आपण करतं. खालच्या शेंगा पिवळ्या पडल्या की पाणी बंद. तपकिरी झाल्या की कागदी पाकिटात झाडून घ्या आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात डबी बाहेर काढलीत तर ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत झाकण उघडू नका. आत दव धरतं.