सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं भविष्यवाणीचं पॅम्फ्लेट कसं वाचायचं

१६४० ते १६६० या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये असं छातीठोकपणे सांगणारे खूप लोक होते की राजे, बिशप, पोप सगळे उलथणार आणि ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य आता आलंच, आणि त्यांनी छापलेलं बरंच काही आज घरबसल्या वाचता येतं. पण बरेच जण दोन पानं वाचून "वेडेच होते बहुतेक" म्हणतात आणि टॅब बंद करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही माणसं काय म्हणत होती ते थोडी तयारी केली की अगदी स्वच्छ कळतं. म्हणून ही तयारी कशी करायची ते एकच पॅम्फ्लेट धरून सांगते, भविष्यवाण्या करणाऱ्या अ‍ॅना ट्रॅपनेलचं 'द क्राय ऑफ अ स्टोन', लंडन, १६५४.

आधी मजकूर मिळवा. 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन' मधली टाइप केलेली हजारो पुस्तकं आता सगळ्यांना मोफत खुली आहेत, त्यात शोधायचं. स्कॅन बघायची हौस असेल तर जरूर बघा, फक्त त्यात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस हा एफसारखा दिसतो, तेवढं डोळ्याला वळण लागेपर्यंत टाइप केलेलंच बरं.

मग लगेच वाचायला बसू नका, आधी तारीख पक्की करा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या गोष्टीवर आपल्या हिशोबाने एक वर्ष मागचं साल छापलेलं असू शकतं. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला म्हणतो पण त्याच्या डेथ वॉरंटवर साल १६४८ आहे. लंडनचा एक पुस्तकविक्रेता होता जॉर्ज थॉमसन, त्याने १६४० पासून १६६१ पर्यंत साधारण बावीस हजार छापील गोष्टी जमवल्या आणि खूप प्रतींवर स्वतःच्या हाताने तारीख लिहून ठेवली, तो संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि कुठलं पॅम्फ्लेट कुठल्या आठवड्यात बाजारात आलं हे आपल्याला बऱ्याचदा कळतं ते त्याच्यामुळे. मला विचाराल तर त्या माणसाचे उपकार कितीही मानले तरी कमीच.

तारखेने काय होतं ते बघा. ट्रॅपनेल बाई जानेवारी १६५४ मध्ये बोलल्या. त्याच्या आधीच्या महिन्यात, १२ डिसेंबर १६५३ ला, बेअरबोन पार्लमेंट म्हणजे धार्मिक लोकांची निवडून-निवडून बसवलेली सभा मोडली, आणि १६ डिसेंबरला पार्लमेंटच्या सैन्याचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे देशाचा प्रमुख झाला. ज्यांना वाटत होतं की आता संतांचं राज्य सुरू झालं त्यांच्यासाठी हा सरळ सरळ विश्वासघात होता, कारण राजा जाऊन जागेवर दुसरा राजाच बसला ना. त्यांचा एक प्रचारक व्हावासर पॉवेल, त्याला चौकशीसाठी व्हाइटहॉलला बोलावलं होतं, अ‍ॅना तिथे बाहेर वाट बघत बसली होती आणि बसल्या जागी तिला ट्रान्स लागला. तिला जवळच्या एका खानावळीत नेलं, तिथे ती दिवसांमागून दिवस जवळजवळ काही न खाता पडून होती, प्रार्थना आणि गाणी म्हणत, आणि ऐकायला गर्दी. हे सगळं माहीत नसताना वाचलं तर नुसती लांबलचक प्रार्थना वाटते, माहीत असताना वाचलं तर सरकारच्या दारातच उभं राहून केलेलं भाषण वाटतं.

आता शेजारी बायबल उघडून ठेवा, मराठी चालेल, उलट मराठीच घ्या, पटकन वाचून होतं. दानीएलचा ७ वा अध्याय आणि प्रकटीकरणाचे ११ ते १३ आणि २० हे अध्याय, एवढं पुरे सुरुवातीला. दानीएलला समुद्रातून चार श्वापदं निघताना दिसतात, त्या काळच्या इंग्रज वाचकाच्या मते ती म्हणजे बाबेल, पारस, ग्रीस आणि रोम ही चार साम्राज्यं. चौथ्या श्वापदाला दहा शिंगं, त्यात एक लहान शिंग उगवतं, मोठमोठ्या बाता मारतं, पवित्र जनांशी लढतं, मग न्याय होतो आणि राज्य पवित्र जनांना मिळतं. हेच पाचवं राज्य, म्हणून या गटाचं नाव फिफ्थ मोनार्की मेन. लहान शिंग कोण यावरच सगळं राजकारण चालायचं. मेरी कॅरी नावाच्या लेखिकेने १६५१ मध्ये छापलं की ते शिंग म्हणजे चार्ल्स. आणि १६५४ मध्ये अ‍ॅना सांगते की तिला शिंगं असलेल्या बैलांचा कळप दिसला, सगळ्यात पुढच्याचा चेहरा हुबेहूब क्रॉमवेलचा, तो शिंग रोखून तिच्या अंगावर धावून आला आणि कुणीतरी हात घालून तिला वाचवलं. दानीएल वाचलेला असेल तर ही ओळ वाचताना काटा येतो, कारण ती काय म्हणते आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असणार.

आकडे आले की वहीत गणित करून बघा, टाळू नका. प्रकटीकरणात १२६० दिवस आहेत, एक दिवस म्हणजे एक वर्ष असं धरायचं आणि पोपची सत्ता कधी सुरू झाली ते साल त्यात मिळवायचं. साधारण ३९६ धरलं की १६५६ येतं, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पिढ्यांची वयं मोजली तर जगाच्या निर्मितीपासून जलप्रलयापर्यंतही १६५६ वर्षंच होतात, त्यामुळे त्या सालाकडे किती जण डोळे लावून बसले होते ते समजतं. दुसरे काही १६६६ धरून बसले होते. आणि हे अडाणी लोकांचं काम नव्हतं बरं का, केंब्रिजच्या जोसेफ मीडसारख्या विद्वानाचा प्रकटीकरणावरचा लॅटिन ग्रंथ होता, त्याचं इंग्रजी भाषांतर १६४३ मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने छापलं गेलं.

पुढचा प्रश्न, हे शब्द कुणाचे आणि लिहिले कुणी? 'क्राय ऑफ अ स्टोन' अ‍ॅनाने बसून लिहिलेलं नाही, एक माणूस ऐकून टिपून घेत होता आणि सगळं टिपता आलं नाही हे तोच सांगतो. आपल्याकडच्या वाचकाला इथे "अंगात येणं" आठवेल, मलाही आठवलं, पण फरक लक्षात ठेवा, इथे देव तिच्या तोंडून "मी" म्हणून बोलत नाही, बहुतेक वेळा तीच देवाशी बोलते आहे, बायबलच्या ओळी गुंफून, कवितेत. बाईने मंडळीत गप्प बसावं असं पौलाचं वचन होतं आणि "तुमच्या मुली संदेश देतील" असं योएलचं वचनही होतं, या दोन वचनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून तिला बोलता आलं.

शत्रूने लिहिलेलं असेल तर दुप्पट सावध राहा. टॉमस एडवर्ड्स नावाच्या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने १६४६ मध्ये या पंथांच्या चुकांची यादीच छापली, पहिल्याच भागात १७६ चुका, त्यातून माहिती भरपूर मिळते पण ती फिर्यादीची माहिती आहे. रँटर, म्हणजे पाप-पुण्याचे नियम आपल्याला लागू नाहीत असं म्हणणारे म्हणून बदनाम झालेले लोक, यांच्याबद्दल तर असा एकसंध पंथ खरंच होता का यावरच इतिहासकार भांडले आहेत. तिथे मी आधी रँटर म्हणून गाजलेल्या अबायझर कॉपचं स्वतःचं लिखाण वाचेन, जे पार्लमेंटने जाळायला लावलं, आणि मगच त्याच्याबद्दलच्या भडक बातम्या.

"वेडी" हा शिक्का दिसला की तो कुणी मारला ते शोधा. लेडी एलेनॉर डेव्हिस हिने १६२५ पासून भविष्यवाण्या केल्या, १६३३ मध्ये तिला तीन हजार पाउंड दंड आणि कैद झाली, पुढे लिचफील्डच्या कॅथेड्रलमध्ये वेदीच्या पडद्यावर डांबर ओतल्यावर तिला बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. म्हणजे दंड करताना शहाणी आणि गैरसोयीची झाली की वेडी. अ‍ॅनाचंही तसंच, १६५४ मध्ये ती कॉर्नवॉलला गेली तर तिला चेटकीण म्हटलं, भटकी म्हटलं, शेवटी लंडनच्या ब्राइडवेल तुरुंगात ठेवलं. आणि ती कॉर्नवॉलला निघण्याआधीच सरकारचा पत्रकार मार्चमाँट नेडम क्रॉमवेलला कळवत होता की तिचं बोलणं छापायचा आणि तिला गावोगाव पाठवायचा बेत आहे. सरकारने तिला गंभीरपणे घेतलं होतं, मग आपण का घेऊ नये?

सगळ्यांची एकच खिचडी मात्र करू नका. टॉमस वेनर १६५७ मध्ये आणि परत जानेवारी १६६१ मध्ये तलवार घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरायला निघाला, फासावर गेला. जेरार्ड विन्स्टनलीने एप्रिल १६४९ मध्ये सरेमधल्या सेंट जॉर्जेस हिलवर पडीक जमीन खणून सगळ्यांसाठी पेरणी सुरू केली, त्यालाही ट्रान्समध्ये आवाज आला होता, एकत्र काम करा, एकत्र भाकरी खा. क्वेकर नावाच्या पंथाचे लोक म्हणत ख्रिस्त आतल्या प्रकाशात आधीच आलाय. आणि जॉन रीव्ह व लोडोविक मगलटन हे दोन लंडनचे शिंपी १६५२ मध्ये म्हणाले की प्रकटीकरणातले शेवटचे दोन साक्षीदार आम्हीच, त्यांचा पंथ इतका टिकला की त्यातला शेवटचा माणूस, केंटचा एक शेतकरी, १९७९ मध्ये वारला.

अ‍ॅना वाचून झाली की दुसरं पॅम्फ्लेट विन्स्टनलीचं घ्या, १६४९ चं कुठलंही. त्याची भाषा सगळ्यात सोपी आहे, आणि तिथेही तीच श्वापदं भेटतील, फक्त त्याच्याकडे ती जमीनदार, वकील आणि पाद्री झालेली आहेत.