मदरबोर्डचे लपवलेले पर्याय उघडण्यासाठी बदललेले बायोस कसे बसवावे

बायोस म्हणजे संगणक सुरू होताच चालणारे, मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर. त्याच्या पडद्यावर जे पर्याय दिसत नाहीत, ते बहुतेक वेळा काढून टाकलेले नसतात, फक्त झाकलेले असतात. निर्मात्याला मिळालेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये शेकडो पर्याय असतात. त्यांतील ग्राहकाच्या हाती द्यायचे नसतील त्यांच्यापुढे ‘अट खरी असेल तर हे दाखवू नये’ अशी सूचना टाकलेली असते आणि ती अट कायमची ‘खरी’ ठेवलेली असते. ती ‘खोटी’ केली की पर्याय मेनूत दिसू लागतो. हा बदल एका बाइटचा आहे. कष्ट आणि धोका आहेत ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात.

उदाहरण म्हणून इंटेलच्या एच११० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा), एएमआय या कंपनीचे बायोस असलेला डेस्कटॉप बोर्ड घेऊ. २०१५ साली आलेल्या या चिपसेटचे स्वस्त बोर्ड आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत आणि कार्यालयांत चालू आहेत. उघडायचा पर्याय आहे ‘सीएफजी लॉक’. हे कुलूप प्रोसेसरच्या वीज-व्यवस्थापनाशी संबंधित एका रजिस्टरवर, म्हणजे प्रोसेसरमधील साठवणीच्या छोट्या जागेवर, लिहिण्यास मनाई करते. साध्या पीसीवर मॅकओएस चालवू पाहणाऱ्यांना त्याची अडचण चांगलीच परिचयाची आहे.

आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बूट गार्ड. २०१३ मधील चौथ्या पिढीच्या प्रोसेसरपासून इंटेलच्या यंत्रांत बायोसच्या सुरुवातीच्या भागाची डिजिटल सही हार्डवेअरच तपासू शकते. ही तपासणी कारखान्यातच कायमची चालू केलेली असेल, तर संरक्षित भागातील एक बाइट बदलला तरी यंत्र सुरू होत नाही. लॅपटॉपमध्ये ही तपासणी बरीच आढळते, सुट्या विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉप बोर्डांवर कमी. बायोसच्या फाइली उलगडून दाखवणाऱ्या यूईएफआयटूल या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत फाइल उघडली की संरक्षित भाग वेगळ्या रंगात दिसतो. आपल्याला बदलायचा विभाग त्यात येत असेल, तर हा मार्ग तिथेच सोडून द्यावा. दुसरी गोष्ट विंडोजमधील, डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची. बायोस बदलले की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी किंवा कूटबद्धता तात्पुरती थांबवावी.

निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेली फाइल बदलून चिपवर लिहिणे ही नवख्याची नेहमीची चूक. त्या चिपमध्ये बायोसशिवाय इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधील वेगळ्या नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरचा) भाग असतो आणि पुष्कळ बोर्डांवर अनुक्रमांक, नेटवर्कचा मॅक पत्ता अशी त्या एकाच बोर्डाची माहितीही असते. म्हणून बदल नेहमी स्वतःच्या चिपमधून वाचून घेतलेल्या प्रतीतच करावा, दुसऱ्या कोणाच्या प्रतीत कधीही करू नये.

ही प्रत घेण्यासाठी सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर (चिप वाचणारे आणि लिहिणारे उपकरण) आणि चिपच्या आठ पायांवर बसणारी क्लिप लागते. या प्रोग्रामरच्या काळ्या प्रकारात एक जुनी खोट आहे. चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. त्यामुळे व्होल्टेज निवडण्याची सोय असलेला प्रोग्रामर घेणे शहाणपणाचे. चिपवरचा क्रमांक भिंगाने वाचावा आणि तिचे व्होल्टेज पाहून घ्यावे, कारण १.८ व्होल्टच्या चिपसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. संगणकाची वायर काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि बोर्डावरची गोल बॅटरीही काढावी. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला, म्हणजे पहिल्या पायावर, आली पाहिजे.

आता चिप किमान दोनदा वाचावी आणि दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण, ताडून पाहावा. १२८ मेगाबिटच्या चिपची प्रत बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची असते. माझ्या पहिल्या प्रयत्नात फाइलींचे आकार सारखे आले, हॅश मात्र तीनही वेळा निरनिराळे निघाले. क्लिप केसभर तिरकी बसली होती, एवढेच कारण. त्या वेळी घाईने लिहायला घेतले असते तर मूळ प्रतही हातची गेली असती. हॅश जुळल्यावर फाइल यूईएफआयटूलमध्ये उघडून ती नीट उलगडते का ते पाहावे आणि तिची एक प्रत दुसऱ्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर ठेवावी.

यूईएफआयटूलमध्ये पर्यायाचे नाव युनिकोड मजकूर म्हणून शोधले की ‘सेटअप’ नावाचा विभाग सापडतो. त्याचा मुख्य भाग बाहेर काढून आयएफआर एक्स्ट्रॅक्टर या प्रोग्रामला द्यावा. आयएफआर म्हणजे बायोसमधील मेनूंचे सांकेतिक वर्णन. हा प्रोग्राम सगळ्या मेनूंची अटींसह वाचण्याजोगी यादी करून देतो. या यादीत सीएफजी लॉकच्या आधी ‘सप्रेस इफ’ (अट खरी असेल तर झाकावे) आणि त्याखाली ‘ट्रू’ दिसले, तर काम सोपे आहे. बाहेर काढलेला भाग हेक्स एडिटरमध्ये (बाइट थेट दाखवणाऱ्या संपादकात) उघडून नेमक्या त्या जागी असलेले ४६ ०२ हे बाइट ४७ ०२ करावेत. ४६ म्हणजे खरे, ४७ म्हणजे खोटे. हेच दोन बाइट फाइलमध्ये इतरत्रही असतात, म्हणून सरसकट शोधून बदलू नये. कधी पर्याय मोकळा असतो, पण ज्या पानावर तो आहे त्या पानाकडे नेणारा दुवाच झाकलेला असतो. तेव्हा अट त्या दुव्यापाशी शोधावी लागते. अट ‘ट्रू’ नसून दुसऱ्या एखाद्या पर्यायाच्या मूल्यावर बेतलेली असेल, तर आधी तो पर्याय बदलून पाहावा.

बदललेला भाग परत बसवण्यासाठी यूईएफआयटूलची जुनी ०.२८ आवृत्ती लागते, कारण नवी आवृत्ती केवळ वाचते. जतन केलेली फाइल पुन्हा उघडून तोच भाग पुन्हा बाहेर काढावा आणि मूळ भागाशी ताडावा. फरक एकाच बाइटचा असला पाहिजे आणि संपूर्ण फाइलचा आकार तसूभरही बदललेला नसावा.

बोर्डाचे स्वतःचे अद्ययावत साधन अशी फाइल सहसा नाकारते, कारण तिच्यावरची सही जुळत नाही. म्हणून लिहिणेही प्रोग्रामरनेच करावे. चिप पुसावी, लिहावी आणि पडताळणी पूर्ण झाल्याखेरीज क्लिपला हात लावू नये. बॅटरी बसवून संगणक चालू केल्यावर काही काळ पडदा काळा राहतो, एकदोनदा यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. रॅमची जुळवणी नव्याने होत असते. पाचेक मिनिटे थांबावे. बायोसमध्ये शिरून आधी मूळ मूल्ये भरावीत, ती जतन करावीत आणि मगच सीएफजी लॉक बंद करावा. यंत्र जिवंतच झाले नाही, तर वीज काढून, क्लिप लावून मूळ प्रत परत लिहावी.

एकच मूल्य बदलायचे असेल आणि मेनू पाहण्याची हौस नसेल, तर चिपला न शिवताही काम होऊ शकते. आयएफआरच्या यादीत प्रत्येक पर्यायाची साठवणीची जागा दिलेली असते आणि ग्रब या बूटलोडरच्या (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) बदललेल्या शेलमधील सेटअप-व्हार या आज्ञेने त्या जागी थेट १ च्या ऐवजी ० लिहिता येतो. मात्र ही जागा बायोसच्या आवृत्तीगणिक सरकते. त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेला आकडा वापरणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. बायोस अद्ययावत केले की हा बदल पुसला जातो, बदललेल्या बायोसचेही तेच होते.

मेनू उघडल्यावर रॅमचे व्होल्टेज, घड्याळाचा वेग असे पुष्कळ काही समोर येते. त्यांतले एका वेळी एकच बदलावे आणि जुने मूल्य लिहून ठेवावे. काही लॅपटॉपमध्ये गोल बॅटरी काढली तरी चुकीचे मूल्य पुसले जात नाही, कारण ते त्याच चिपमध्ये साठवलेले असते. अशा वेळी क्लिप आणि मूळ प्रत पुन्हा बाहेर काढावी लागते.