रस्सीखेचच्या पोरांसाठी स्वस्तात दोर, माझा अनुभव

आमच्या तालमीत १४ ते १७ वयाची पोरं रस्सीखेच खेळतात, आणि स्पोर्ट्सच्या दुकानातला दोर आमच्या वर्गणीत बसतच नव्हता. कुणीतरी म्हणालं नायलॉनचा घ्या, स्वस्त आहे. नाही म्हणजे नाही! तो ताणला जातो, हात सोलवटतात, आणि जोरात ओढताना तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, पोरांच्या बाबतीत ही रिस्क कोण घेणार.

मग सरळ दोरखंडवाल्याकडे गेलो, बोटींना, ट्रकला माल देतात ना ते. तिथे मनिला दोर (अबाका नावाच्या केळीसारख्या झाडाच्या धाग्यांचा दोर) किलोवर मिळतो. मॅचच्या नियमात घेर १० ते १२.५ सेंमी आणि लांबी कमीत कमी ३३.५ मीटर लागते, म्हणून सुतळी दोराभोवती गुंडाळून टेपवर मोजली, डोळ्याने अंदाज घेऊ नका, जाड वाटतो पण नसतो. पीळ थोडा उकलून आतही बघा, काळपट किंवा कुबट वास असेल तर तो माल सोडून द्या.

खरी बचत झाली ती लांबीत. रोजच्या प्रॅक्टिसला समोर दुसरी टीम लागतेच असं नाही, एक टोक जाड चिंचेच्या बुंध्याला (खाली पोतं गुंडाळून, नाहीतर साल पण जाते आणि दोर पण) बांधलं की आठ जणांना १५ मीटरात भागतं, म्हणजे पैसे निम्म्याहून कमी. मोकळं टोक सुतळीने आवळून घ्या, गाठ मारू नका. आणि पावसात भिजला तर सावलीत टांगून वाळवा, ओला गुंडाळून ठेवला की आतून कुजतो.