घरच्या टोनआर्मसाठी नळी कशाची घ्यावी?

घरी टोनआर्म, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सुई धरणारा दांडा, करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "नळी कार्बनची घेऊ की शिसवाची?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कार्ट्रिज (सुई बसवलेली पुढची डबी) कोणतं लावणार ते सांगा. तोवर खिशात हात घालू नका.

सुई लवचीक आधारावर बसलेली असते. त्या आधारावर कार्ट्रिज आणि आर्म यांचं वजन झुलतं, आणि त्या झुलण्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडायला हवी. त्याच्या खाली गेली तर वाकलेली रेकॉर्ड आर्मला हिंदकळवते, वर गेली तर ती खर्जात लुडबुड करते. हिशेब सोपा आहे. एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कॉम्प्लायन्सच्या, म्हणजे सुईच्या आधाराच्या लवचीकपणाच्या, आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. कॉम्प्लायन्स कार्ट्रिजसोबतच्या कागदावर असतो. जपानी कंपन्या बऱ्याचदा तो १०० हर्ट्झला मोजून देतात. तसं असेल तर दीड ते दोनने गुणून घ्या.

आता यातलं आर्मचं वजन म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे. सुईला जाणवतं ते वजन धरायचं, आणि ते पिव्हटपासूनच्या (आर्म ज्यावर फिरतो त्या टेकूपासूनच्या) अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पिव्हटजवळचे दहा ग्रॅम जवळपास फुकट, हेडशेलमधला (कार्ट्रिज बसवायच्या पुढच्या पट्टीतला) एक ग्रॅम मात्र पूर्णच्या पूर्ण मोजला जातो. सरळ, सारख्या जाडीच्या नळीचा एक तृतीयांश धरायचा.

बाहेरून १० मिमी, जाडी १ मिमी, पिव्हटपासून सुईपर्यंत २३ सेंमी अशी नळी घेऊ. ॲल्युमिनियमची साडेसतरा ग्रॅम भरते, सुईला सहाच्या आसपास जाणवते. कार्बन फायबरची साडेदहा, जाणवते साडेतीन. पितळेची तब्बल ५५, जाणवते १८. हेडशेल आणि काउंटरवेट (मागचं तोलाचं वजन) धरले की कार्बनचा आर्म दहा-अकराला थांबतो, पितळेचा २७पर्यंत जातो. ऑर्टोफॉन २एम रेड हे कार्ट्रिज (७.२ ग्रॅम, कॉम्प्लायन्स २०) दहा ग्रॅमच्या आर्मवर, स्क्रूंसकट, ८ हर्ट्झच्या थोडं वर बसतं. तेच पितळेवर ६ला घसरतं. उलट डेनॉन डीएल-१०३चा आधार ताठ असतो. त्याला वीस ग्रॅमचा आर्म छान मानवतो. म्हणून कुणी "पितळ वाईट" म्हणालं तर मी विचारतो, कोणत्या कार्ट्रिजला?

पहिला आर्म करणाऱ्याला मी ॲल्युमिनियमच सांगेन. मिळतं, कापता येतं, चुकलं तर दुसरी नळी घेता येते. गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाची नळी मात्र नीट पाहून घ्या. पुष्कळदा ती पत्रा वळवून केलेली असते, लांबीभर शिवण असते आणि हाताने दाबली तरी चेपते. बिनशिवणीची घ्या. ॲल्युमिनियमचा दोष एकच, ते वाजतं. तीस सेंमीचा तुकडा घ्या, टोकापासून पावणेसात सेंमीवर दोरा बांधून लटकवा आणि मध्यावर नखाने टिचकी मारा. दोऱ्याच्या जागी नळीचं कंपन शून्य असतं, त्यामुळे दोरा नाद दाबत नाही आणि नळीचा खरा आवाज ऐकू येतो. टणत्कार लांबला तर आत बाल्साच्या हलक्या लाकडाची पातळ पट्टी सरकवा किंवा बाहेरून हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. कापूस कोंबू नका, कार्ट्रिजची वायर आतून ओवताना तो गोळा होऊन बसतो.

कार्बनची नळी ड्रोनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. हलकी, ताठ, नाद लवकर विरतो. कापताना पाणी लावा आणि मास्क घाला, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. कापलेली कड पॉलिशपेपरने गुळगुळीत केली नाही तर वायरचं इनॅमल (वरचा रोधक थर) खरवडलं जातं आणि स्पीकरमधून घूं सुरू होतं.

लाकूड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कोल्हापुरात राहतो, मिरज तासा-दीड तासावर. तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे वर्षानुवर्षं मुरलेल्या लाकडाचे तुकडे पाहायला मिळतात, आणि मुरलेलं म्हणजे काय हे तिथे हाताला कळतं: तुकडा हलका लागतो, टिचकीला कोरडा आवाज देतो, रंध्याखाली चिकट भुसा पडत नाही. सागवानाची १२ मिमीची, तेवढ्याच २३ सेंमी लांबीची भरीव काठी सतरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळीइतकीच. ताठपणात कमी, पण आवाज तिच्यात रेंगाळत नाही. शिसव वजनदार, ते ताठ कार्ट्रिजसाठी ठेवा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत; मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर तो तुकडा दिसायला कितीही देखणा असो, बाजूला ठेवा. पावसाळ्यात तो पिळवटतोच. सगळ्या बाजूंनी, दोन्ही टोकांसकट, लाखेचं पॉलिश द्या आणि जुलैमध्ये सुईचा भार पुन्हा तपासा.

बांबू घ्यायचा तर कोकणातला माणगा टाळा, तो जवळपास भरीव असतो. पातळ भिंतीचा, जून झालेला, सावलीत वाळवलेला घ्या. वरची साल तासू नका. बांबूचे सगळ्यात दाट तंतू सालीलगतच असतात, सगळा ताठपणा तिथे आहे.

नळीवर एवढा खल केल्यावर सांगतो, आर्म बिघडतो तो सांध्यात. १९८३च्या रेगा कंपनीच्या आरबी३०० या आर्ममध्ये नळी आणि हेडशेल एकाच ओतीव ॲल्युमिनियमचे होते, ते यासाठीच. आपल्याला घरी ओतकाम जमणार नाही, पण सांधे कमी ठेवणं जमतं. नळीला भोक पाडून ग्रब स्क्रू आवळण्यापेक्षा चीर दिलेला कॉलर वापरा आणि रात्रभर सुकणारं ॲराल्डाइट लावा, पाच मिनिटांवालं नको.

हेडशेलला २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, ४० बाय २० मिमी, चार ग्रॅमच्या थोडी वर. भोकं १२.७ मिमी अंतरावर, स्क्रू अडीच मिमीचे. मूव्हिंग कॉइल (चुंबकाजवळ तारेची गुंडाळी हलते त्या) कार्ट्रिजचं चुंबक जोरदार असतं, तेव्हा तिथे लोखंडी काही नको. पितळी स्क्रू लावा.

काउंटरवेट पितळेचंच. शिसं विषारी आहे, घरात घासू-कापू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टर्नरला ३० मिमीच्या पितळी बारचा २० मिमी तुकडा काढून मध्ये १० मिमीचं भोक पाडायला सांगा, १०७ ग्रॅम भरतो. वरच्या कार्बन आर्मला तो पिव्हटमागे साधारण ४ सेंमीवर तोलतो आणि सुईला तीनच ग्रॅम जाणवतो. निम्म्या वजनाचा तुकडा ८ सेंमीवर लावलात तर सहा ग्रॅम जाणवतात. म्हणून मागचं वजन जड आणि जवळ. भोक मध्याच्या थोडं वर पाडून घेतलं तर भार खाली लटकतो, आणि एका टोकावर तोललेल्या आर्मला ते लागतंच.

पिव्हटसाठी घरी तीच एका टोकाची पद्धत बरी. धातूवर रेघ आखायच्या स्क्रायबरचं कार्बाइड टोक घ्या. ते टोक ज्यात टेकतं त्या वाटीसाठी भंगारातल्या जुन्या फिरत्या चकतीच्या वीजमीटरमधलं खड्याचं बेअरिंग बघा, चकती त्याच्यावर वर्षानुवर्षं फिरलेली असते. बारीक बॉल बेअरिंग वापरणार असाल तर आतलं ग्रीस धुऊन काढा.

वायर मोटर रिवायंडिंगवाल्याकडची ४२ गेज इनॅमल. चार तारा, दोन-दोनचे पीळ. लाकडी आर्ममध्ये धातूचं आवरण नसतं, तिथे पीळ घट्ट हवा. पिव्हटपाशी तारांचा सैल लूप ठेवा. तो ताठ राहिला तर स्प्रिंगसारखा आर्मला ढकलतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. तपासायला वजन शून्यावर तोला, सुईचं झाकण लावा आणि लांबून हळूच फुंका: आर्म सरकून जिथे थांबेल तिथेच राहिला पाहिजे, मागे यायला नको.