ज्युनिपरची आळी आजच मोडा

पावसाने जोर धरलाय. बाकीची कामं राहू द्या. उघडीप मिळाली की फावडं घेऊन प्रत्येक ज्युनिपरच्या (शोभेचं सूचिपर्णी झाड) बुंध्याशी जा आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेलं आळं मोडून टाका. मुळशी-मावळातल्या फार्महाऊसवर हौसेने लावलेल्या रांगा दिवाळीपर्यंत तांबूस पडतात, त्या बहुतेक याच एका आळसापायी.

हे मुळात कोरड्या, दगडी उतारावरचं झाड. लाहौल-स्पितीत ते रानात वाढतं. थंडी सोसतं, पाण्याचा ताण सोसतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी त्याला चालत नाही. वर फसवतंही: मुळं कुजली तरी पाला कितीतरी दिवस हिरवाच दिसतो, आणि पिवळा पडतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. शंका आली तर बुंध्याजवळ बोटभर उकरा, एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर मूळ सडलंय. बुंध्याभोवती हिरवं शेवाळ धरलं की मी तरी तिथे पाणी मुरत नाही असंच धरून चालतो.

दुकानात गेलात की ह्युमिक, चिलेटेड झिंक अशी खतं आणि वर एखादं टॉनिक पिशवीत पडतं. सडलेलं मूळ ते घेणार कसं? त्या पैशात मुरूम आणा. आधी चर काढा, पाणी उताराला लावा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, 10 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम, याची आळवणी, म्हणजे हे पाणी मुळाशी ओतायचं. चर न काढता आळवणी केलीत तर पैसे पाण्यात. या औषधाबरोबर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी देऊ नका, औषधातल्या तांब्यापुढे ती टिकत नाही.

नवी लागवड काळ्या जमिनीत खड्ड्यात नकोच. मुरूम मिसळून फूट-दीड फूट उंच वरंबा करा आणि पिशवीतली माती वरंब्याच्या दोन बोटं वर राहील असं रोप बसवा. कातळी मुरमात खड्डा घेतलात तर तोही हौदच होतो. जागेची खात्री नसेल तर खड्डा काठोकाठ भरून एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं तर जागा बदला.

बाकीची कामं:
- ऊन रोज किमान 6 तास
- पसरणाऱ्या जातीला 4-5 फूट अंतर
- छाटणी हिरव्या टोकापुरतीच. पाला नसलेली जुनी फांदी कापली तर पुन्हा फुटत नाही
- लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी पाल्यावर नको
- रोप घेताना पिशवी काढून मुळं बघणे

उन्हाळ्यात लाल कोळी येईल. फांदी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालू लागले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. तेवढ्याने नाही आटोपलं तर पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के, 10 लिटरला 20 ग्रॅम, तेही संध्याकाळी आणि आधी एका फांदीवर मारून बघून.